पन्नास अंशांचा पहारेकरी



लावणीचे दिवस जवळ आले की बेण्याची शोधाशोध सुरू होते. कोणाचा मळा चांगला, कोणाचा ऊस किती महिन्यांचा, टनाला काय दर पडेल, याची गटागटांत चर्चा चालते. त्यात कोणी “आमचे प्रक्रिया केलेले बेणे आहे” असे म्हटले की घेणारा निर्धास्त होतो, आणि चार पैसे जास्तही मोजतो. मात्र ही प्रक्रिया किती उष्णतेला केली, किती वेळ केली आणि त्या वेळी थर्मामीटर कोणी पाहिला, हे विचारणारा शेतकरी क्वचितच भेटतो. दुधाच्या डेअरीत फॅट किती लागली याची पावती घेतल्याशिवाय आपण किटली उचलत नाही. वजनकाट्यावर किलोकिलोचा हिशेब घालतो. आणि ज्या बेण्यावर लावण व त्यापुढचे दोन-तीन खोडवे अवलंबून आहेत, त्याच्या बाबतीत मात्र नुसत्या शब्दावर विश्वास ठेवतो. हे बदलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते बदलण्यासाठी लागणारे यंत्र आता कोणत्याही शेतकरी गटाच्या आवाक्यात आलेले आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

उष्णतेची गरज कशासाठी?

गवताळ वाढीचा रोग बहुतेकांनी पाहिला आहे. बेटातून गवतासारखे बारीक, फिकट किंवा पांढरट फुटवे निघतात, पाने अरुंद होतात आणि तोडणीजोगा ऊस त्या बेटात तयारच होत नाही. लावणीत दहा-वीस बेटे दिसली तर आपण दुर्लक्ष करतो, आणि खोडव्यात तीच वाढलेली दिसतात. हा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो, तो उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि मुख्यत्वे बेण्यातून पसरतो. तुडतुडेही त्याचा प्रसार करतात.

दुसरा रोग याहून लबाड. खोडव्यातील खुजेपणाचा रोग, म्हणजे ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी आरएसडी म्हणतात तो, बाहेरून ओळखू येत नाही. ऊस फक्त थोडा आखूड आणि थोडा बारीक राहतो. आपण म्हणतो, यंदा पाणी कमी पडले, खत उशिरा झाले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात १९४० च्या दशकात या रोगाचा छडा लागला. त्याला कारण असलेला जिवाणू पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतो आणि तोडणीच्या कोयत्यावरून एका बेटातून दुसऱ्या बेटात जातो.

हे दोन्ही रोग कांडीच्या आत असतात. त्यामुळे वरून औषधाची फवारणी करून किंवा टिपरी बुरशीनाशकात बुडवून ते जात नाहीत. तेथपर्यंत पोचते ती उष्णता. ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बेणे दोन तास ठेवले तर आतला रोग नष्ट होतो किंवा अगदी क्षीण होतो, आणि उसाचा डोळा जिवंत राहतो. उष्ण बाष्पयुक्त हवेच्या यंत्रात ५४ अंश ठेवतात, कारण हवेतून कांडीत उष्णता शिरायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ही पद्धत नवी नाही. संशोधन केंद्रांनी ती वर्षानुवर्षे शिफारशीत दिलेली आहे, आणि मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा त्रिस्तरीय बेणे कार्यक्रमाचा पायाच तो आहे.

अडचण आहे ती अरुंद वाटेची. उष्णता दोन-तीन अंशांनी कमी पडली तर रोग वाचतो, आणि दोन-तीन अंशांनी जास्त झाली तर डोळे भाजतात. म्हणजे चुलीवरच्या पाण्यात हात घालून “बरे कढत आहे” असे म्हणण्याचे हे काम नाही. माणसाच्या हाताला ४७ आणि ५२ यांतला फरक सांगता येत नाही. दोन्ही चटकाच देतात. थर्मामीटर घेऊन माणूस बसवला तरी दोन तास, दिवसातून तीन वेळा, एकाग्रपणे कोण बसणार? कोणी हाक मारली, फोन आला, चहा आला की पाणी ५५ वर गेलेच. आणि मग “प्रक्रिया केलेले बेणे उगवत नाही” अशी बोंब होते. बिचाऱ्या प्रक्रियेचा यात काहीही दोष नसतो.

पहारेकरी आला कोठून?

या कामाला न कंटाळणारा पहारेकरी हवा. असा पहारेकरी जगात दुसऱ्याच एका छंदाच्या माणसांनी लोकप्रिय केला, आणि ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंड-अमेरिकेत घरच्या घरी बिअर आंबवण्याचा छंद फार जणांना आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला; अमेरिकेत १९७८ च्या ऑक्टोबरात कायदा होऊन १९७९ च्या फेब्रुवारीपासून घरगुती वापरापुरती मोकळीक मिळाली. आपल्याकडे तशी मोकळीक नाही. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे आणि परवान्याशिवाय असले काही करणे गुन्हा आहे. तेव्हा या पानावरून कोणी भलती शिकवणी काढू नये! आम्हांस त्यांची बिअर नको आहे, त्यांची पेटी हवी आहे.

त्या छंदिष्टांची अडचण आपल्यासारखीच होती. यीस्ट हा जिवंत जीव. एका जातीच्या बिअरला १८ ते २२ अंश मानवतात, दुसरीला ८ ते १३. उष्णता वाढली की यीस्ट भलतीच अल्कोहोले तयार करते आणि चव बिघडते. फार उतरली की काम थांबवून तळाशी बसते. शिवाय आंबताना मिश्रण स्वतःच तापते, त्यामुळे खोलीपेक्षा पिंपातील उष्णता काही अंशांनी जास्त असते. ज्या कारखान्यांना आसवनी आहे, तेथे मळीच्या टाक्या गार ठेवण्यासाठी किती खटाटोप असतो हे पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. मोठ्या भट्ट्यांना महागडी यंत्रे परवडतात. घरच्या माणसाला कशी परवडावीत? म्हणून त्यांनी जुना फ्रिज घेतला, त्यात पिंप ठेवले, आणि फ्रिजच्या वायरीत एक छोटा नियंत्रक बसवला. थंडीच्या दिवसांत त्याच नियंत्रकाला एखादा दिवा किंवा गरम पट्टा जोडला. झाले काम.

उष्णता काटेकोर मोजण्याचे वेड या धंद्यात जुने आहे. उष्णता आणि काम यांचे नाते प्रयोगाने दाखवणारा शास्त्रज्ञ जूल हा इंग्लंडमधील सॅलफर्डच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. शाळेत आपण ज्याच्या नावाचे एकक शिकलो, तोच हा.

या छंदिष्टांच्या वापरात सर्वांत जास्त आलेला नियंत्रक म्हणजे एसटीसी-१००० या नावाने मिळणारी चिनी बनावटीची छोटी पेटी. मुळात ती शीतकपाटे व माशांच्या काचपेट्या यांसाठी. आकाराने हाताच्या पंजाएवढी, पुढे तांबडे आकडे. आपल्याकडेही शहरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काही शे रुपयांत ती मिळते. अंडी उबवण्याच्या पेट्या बनवणाऱ्या पोरांना विचारा, ते लगेच ओळखतील.

यंत्राची रचना

यात गूढ असे काही नाही. तीन भाग आहेत. पहिला भाग वायरीच्या टोकाचा मणी, म्हणजे थर्मिस्टर. उष्णता वाढली की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, आणि त्यावरून पेटी अंश ओळखते. दुसरा भाग पेटीतील मेंदू. त्याला आपण ५० हा आकडा सांगून ठेवतो. तिसरा भाग रिले, म्हणजे विजेवर चालणारे बटण. या पेटीत दोन रिले असतात. एक तापवण्यासाठी, दुसरा गार करण्यासाठी.

आपल्या कामाला लागणारे सामान असे:

१. नियंत्रक पेटी व तिचा मणी.
२. २ किलोवॉटचा पाणी तापवण्याचा हीटर.
३. कॉन्टॅक्टर. आपल्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये टक्कन बसतो तोच, लहान मापाचा. पेटीतला रिले १० ॲम्पियरचा सांगतात, आणि २ किलोवॉटचा हीटर सुमारे ९ ॲम्पियर ओढतो. इतक्या काठावर त्याला राबवू नये. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी आणि हीटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा.
४. वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा स्विच, म्हणजे आरसीसीबी, व त्याला जोडून योग्य मापाचा एमसीबी.
५. २०० लिटरचे स्वच्छ पिंप. कीटकनाशकाचे किंवा ॲसिडचे जुने पिंप चालणार नाही.
६. एक विजेची घंटा किंवा भोंगा.
७. पाणी ढवळण्याची सोय, आणि अर्धा अंश वाचता येईल असा काचेचा थर्मामीटर.

पिंप आणि हीटर सोडून बाकी पेटीचा खर्च, वायरमनची मजुरी धरून, आमच्या हिशेबाने चार-पाच हजार रुपयांच्या आसपास यावा. त्यात मोठा वाटा नियंत्रकाचा नाही, तर सुरक्षिततेच्या स्विचचा आहे, आणि तेथे एक पैसाही वाचवू नये.

पेटीवर आकडे लावताना इच्छित उष्णता ५० आणि फरक अर्धा अंश ठेवावा. मग पाणी ४९.५ वर उतरले की हीटर चालू होतो आणि ५० ला बंद होतो. गार करण्याचा दुसरा रिले आपल्याला फ्रिजसाठी नको आहे. त्याला घंटा जोडावी. पाणी ५०.५ च्या वर गेले की तो रिले लागतो आणि घंटा वाजते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी ठेवलेला विलंब मात्र कमीत कमी, म्हणजे एका मिनिटावर आणावा. ही घंटा शोभेची नाही. कधीतरी कॉन्टॅक्टरचे टोक चिकटते आणि नियंत्रकाने ‘बंद’ म्हटले तरी हीटर चालूच राहतो. अशा वेळी घंटा हीच राखण. ती वाजली की आधी मुख्य स्विच बंद करावा, मग कारण शोधावे.

छंदिष्टांकडून शिकण्याजोग्या दोन गोष्टी येथे सांगतो. पहिली, मणी कोठे ठेवायचा. त्यांच्यातील नवखे लोक तो फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवतात आणि फसतात. जाणते लोक एका बाजूने बंद असलेल्या धातूच्या नळीत घालून तो पिंपाच्या मध्यात सोडतात. आपणही तसेच करावे. हीटरशेजारी मणी ठेवला तर तेथले पाणी लवकर ५० होईल, हीटर बंद पडेल, आणि तळाची टिपरी ४४-४५ लाच राहील. गरम पाणी वर जाते, गार तळाशी बसते, हे आपण बंबात रोज पाहतो. म्हणून ढवळणे अत्यावश्यक. काचपेटीतल्या माशांसाठी असतो तसा हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवून त्याची नळी तळापर्यंत सोडली तर बुडबुड्यांनी पाणी फिरते. शिवाय अधूनमधून हीटर बंद करून कोरड्या बांबूने ढवळावे आणि काचेच्या थर्मामीटरने वर, मध्ये व तळाशी उष्णता पाहावी.

दुसरी गोष्ट, मण्याची तपासणी. ते लोक बर्फाच्या पाण्यात मणी बुडवून शून्य येते का पाहतात. त्यांचे काम गारव्याचे, म्हणून त्यांना ते ठीक. आपले काम ५० चे, म्हणून तपासणीही ५० लाच व्हावी. उकळत्या पाण्यात १०० येते का पाहू, असे कोणी म्हणेल. पण आपल्या पठारावर पाणी ९८ च्या आसपासच उकळते, तेव्हा त्या फंदात पडू नये. कारखान्याच्या प्रयोगशाळेतील खात्रीचा थर्मामीटर शेजारी धरून ५० अंशांच्या पाण्यात दोन्ही वाचावेत आणि जो फरक येईल तो पेटीत दुरुस्त करून ठेवावा. तशी सोय तिच्यात आहे.

प्रत्यक्ष काम

बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी, पाचट काढलेले असावे. कांद्याच्या जाळीदार गोण्यांत टिपरी सैल भरली तर पाणी आत खेळते आणि काढा-घालायला सोपे जाते. गोणी हीटरला टेकता कामा नये. मध्ये बांबूचा किंवा जाळीचा आडोसा करावा. पिंपाला बाहेरून पोती व भाताचा पेंढा बांधला आणि वर झाकण ठेवले तर वीज बरीच वाचते.

आता एक हिशेब लक्षात घ्या. पिंपात १२० लिटर पाणी ५० अंशांवर आहे आणि त्यात २५ अंशांचे ४० किलो बेणे सोडले, तर पाणी ४४ च्या आसपास घसरते. २ किलोवॉटच्या हीटरला ते परत ५० वर न्यायला अर्धा तास लागतो. दोन तासांची मोजणी त्या अर्ध्या तासानंतर सुरू करायची. बेणे टाकल्या क्षणापासून घड्याळ लावले तर प्रक्रिया अपुरी राहते, आणि ती अपुरी आहे हे कोणाला कळतही नाही. सकाळी पहिले पाणी मात्र बंबावर किंवा सौर बंबातून तापवून आणावे. नाहीतर २० अंशांचे पाणी ५० वर नेण्यातच दोन तास व चार युनिटे जातात.

वीज गेली तर? जाणारच. झाकलेल्या, पेंढ्याने बांधलेल्या पिंपाची उष्णता लगेच उतरत नाही. थर्मामीटर पाहत राहावे आणि गरज पडेल तसे बंबातील कढत पाणी थोडे थोडे घालून ढवळावे. तेवढ्यानेही पाणी सावरले नाही, तर तो घाणा ‘प्रक्रिया केलेला’ म्हणून वहीत लिहू नये. तो बाजूला काढावा आणि साधे बेणे म्हणून वापरावा.

दोन तास भरले की बेणे काढून सावलीत गार होऊ द्यावे, शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकाची प्रक्रिया करावी आणि लवकर लावावे. जिवाणू खत वापरायचे असेल तर ते बेणे पूर्ण गार झाल्यावरच. जिवंत जिवाणू गरम टिपरीवर टाकून उपयोग नाही.

सुरक्षिततेबद्दल एकच वाक्य, पण ते भिंतीवर लिहून ठेवा: हीटर चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही. पिंप लोखंडी असेल तर त्याला अर्थिंग द्यावे. जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी, आकड्याच्या विजेवर हे काम कधीही करू नये, आणि लहान मुले पिंपाजवळ फिरकू देऊ नयेत. बेणे निरोगी करता करता घरातील माणूस गमावण्याइतके हे काम मोठे नाही.

एवढ्याशा पिंपाने काय होणार?

हा प्रश्न रास्त आहे. दोन डोळ्यांचे टिपरे सरासरी पाव किलोचे धरले तर ४० किलोत १६० टिपरी बसतात. दिवसाला तीन घाणे काढले तर चार दिवसांत सुमारे १,९०० टिपरी होतात. एकरी १०,००० टिपऱ्यांच्या हिशेबाने ही लावण साडेसात गुंठ्यांची झाली. वीज दिवसाला साधारण आठ-दहा युनिटे.

साडेसात गुंठे ऐकून हसू नका. ऊस बेण्याला दहापट वाढतो असे धरले तरी दुसऱ्या वर्षी त्यातून ७५ गुंठे, म्हणजे जवळजवळ दोन एकर लागतात. आणि तिसऱ्या वर्षी अठरा एकरांहून जास्त. वीस सभासदांच्या गटाला प्रत्येकी पाऊण-एक एकर निरोगी बेण्याची लावण एका पिंपातून मिळाली! एक डोळ्याची रोपे केली तर याहूनही जास्त क्षेत्र होते. उष्णतेची प्रक्रिया साऱ्या शिवाराच्या बेण्याला करायची नसतेच. ती मुळाला करायची, आणि मग ते मूळ जपून वाढवायचे.

काही आक्षेप

कोणी म्हणेल, हे कारखान्याचे काम आहे. कारखान्याने मोठे यंत्र बसवावे. मोठे यंत्र हवेच, त्याला आमचा विरोध कसा असेल? पण लांबच्या गटातील शेतकऱ्याने बेणे तोडायचे, ट्रॉलीने कारखान्यावर न्यायचे, पाळीची वाट पाहायची आणि परत आणायचे, यात डोळ्यांची जी हानी होते ती वेगळीच. आणि यंत्र मोठे असो की छोटे, ५० च्या जागी ४६ असेल तर काम फुकटच.

कोणी म्हणेल, ऊती संवर्धित रोपे आहेत की! आहेत, आणि ती उत्तम आहेत. ज्याला परवडतील आणि वेळेवर मिळतील त्याने जरूर घ्यावीत. परंतु त्यांची मागणी आधी नोंदवावी लागते, आणि सर्वांना पुरतील इतकी ती एकदम मिळत नाहीत. शिवाय आपल्या गटाला मानवलेली जात आपल्याच मळ्यात शुद्ध राखण्याची विद्या आपल्याला असावी, ही वेगळी गोष्ट आहे.

तिसरा आक्षेप असा की, हे शिकलेल्यांचे काम, शेतकऱ्याला जमणार नाही. हा आक्षेप ऐकून आम्हांस नवल वाटते. रात्री दोनला वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ गावोगावच्या पोरांनी बसवला. त्यासाठी कोणते कॉलेज लागले? ज्याला ‘ऑटो’ जमतो त्याला ही पेटी जमते. उलट आम्ही म्हणू की, गावातील आयटीआय झालेल्या तरुणांना हे काम द्यावे; हंगामात त्यांना चार पैसेही मिळतील.

मात्र या पेटीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. मोझॅक यासारखे विषाणूरोग या उष्णतेने जात नाहीत. खोलवर शिरलेली लाल कूज याने हमखास जाईल असे समजू नये. तसा ऊस बेण्याला घेऊच नये. आणि प्रक्रिया म्हणजे जन्मभराचे कवच नव्हे. निरोगी मळ्यात रोगट बेटावरून आलेला कोयता फिरला की रोग पुन्हा शिरला. म्हणून बेणे मळ्यात शिरण्यापूर्वी कोयता निर्जंतुक करणे, गवताळ बेटे दिसताच मुळासकट उपटून जाळणे आणि तुडतुड्यांवर लक्ष ठेवणे, ही कामे पेटी करणार नाही. ती आपणच करायची आहेत.

आमची मागणी

आता मुद्द्याची गोष्ट. पेटी स्वस्त आहे म्हणून ती घ्या, एवढेच आम्हांस सांगायचे नाही. पेटी ही साक्षीदार आहे. आजवर बेण्याची उष्णता हा देणाऱ्याच्या तोंडचा शब्द होता. आता तो भिंतीवरचा आकडा झाला. कोणीही यावे, वाचावे, आणि वहीत लिहावे. म्हणून आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

एक, प्रत्येक गटात निदान एक पिंप व एक पेटी असावी, आणि ती एखाद्याच्या वाड्यात न राहता सोसायटीच्या गोदामात किंवा गट ऑफिसात सर्वांसमोर असावी.

दोन, तिच्याजवळ वही असावी. बेणे कोणाचे, जात कोणती, पाणी ५० वर परत केव्हा आले, बेणे केव्हा काढले आणि दर पंधरा मिनिटांनी काचेच्या थर्मामीटरवर काय आकडा दिसला, एवढे पाच रकाने पुरेत. बिघडलेल्या घाण्याचीही नोंद तीत राहावी.

तीन, बेणे विकताना त्या नोंदीची नक्कल पावतीसोबत द्यावी. नक्कल नसेल तर ‘प्रक्रिया केलेले’ हा शब्द पावतीवर लिहू नये. हा नियम सभासदांना जसा, तसाच आमच्या ऊस विकास विभागालाही लागू असावा. आमच्या बेणे मळ्यातून जाणाऱ्या मोळीबद्दलही सभासदाने हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

चार, हंगामापूर्वी एकदा सर्व गटांच्या पेट्यांचे मणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत विनामूल्य तपासून मिळावेत. यास संचालक मंडळाने मान्यता द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

यातल्या तिसऱ्या सूचनेने काहीजण नाराज होतील, हे आम्ही जाणून आहोत. बेण्याचा धंदा चांगला चालतो आणि नको ते प्रश्न कोणाला आवडत नाहीत. पण ज्याने खरोखर दोन तास पिंपाजवळ बसून काम केले आहे, त्याला वही दाखवायला लाज वाटण्याचे कारण नाही. उलट त्याच्या बेण्याला त्या वहीमुळेच भाव येईल. आज खरे करणारा आणि नुसते सांगणारा यांना एकच दर मिळतो. त्यात नुकसान खऱ्याचे होते, आणि त्याहून जास्त त्याचे, ज्याच्या रानात तिसऱ्या वर्षी खोडव्याच्या जागी गवत उभे राहते.

ज्या गटांना पेटी बसवायची असेल त्यांनी गट ऑफिसात किंवा आपल्या चिटबॉयकडे नाव द्यावे. सामानाची यादी, जोडणीचा आराखडा आणि वहीचा नमुना ऊस विकास विभागातून मिळेल. पहिल्या घाण्याला आमच्या विभागाचा माणूस थर्मामीटर घेऊन हजर राहील.